जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं, पुढे काय? सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं, अपडेट कसं करायचं आणि मधेच लाईट गेली तर

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चिप अन् बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या मशीनवर ते रीतसर बसत नाही. चालू कॉम्प्युटर भंगारात घालायला कुणाचं मन होणार? मग दूध संकलन केंद्र, झेरॉक्सचं दुकान, पोरांच्या अभ्यासाचा घरचा कॉम्प्युटर अशा ठिकाणी तालुक्याच्या दुकानातून लिनक्स टाकून घेतलं जातं. दुकानदार सांगतो, "आता व्हायरसचं टेन्शन नाही, काही करायला लागत नाही." यातलं अर्धंच खरं आहे. व्हायरसचा त्रास विंडोजपेक्षा कमी, हे बरोबर. पण अपडेट न करता वर्षानुवर्षे इंटरनेटला जोडून ठेवलेलं लिनक्स म्हणजे दार उघडं टाकून शेतावर जाण्यासारखंच आहे.

आधी आवृत्ती बघा

आपल्याकडे जास्त करून उबंटू किंवा लिनक्स मिंट टाकलेलं असतं. ही माहिती त्या दोघांसाठीच आहे. उबंटूच्या आकड्यातच वर्ष आणि महिना असतो: २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणाऱ्या आवृत्तीला एलटीएस म्हणतात, तिला पाच वर्षे अपडेट मिळतात. मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. कामाच्या मशीनवर एलटीएसच असावी, बाकीच्या हौशी लोकांसाठी.

मिंट हे उबंटूच्या एलटीएसवर उभं आहे. मिंट २१ ला २०२७ पर्यंत आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. मिंट २० ची मुदत २०२५ मध्येच संपली, तरी जुनी सीडी किंवा पेन ड्राईव्ह पडून असला की तेच टाकून दिलं जातं. मिंटमध्ये मेनूत 'सिस्टिम इन्फर्मेशन' आणि उबंटूत सेटिंगमधलं 'अबाऊट' उघडलं की आपलं कोणतं ते कळतं. २० किंवा त्याआधीचं असेल तर पुढची माहिती वाचण्याआधी दुकानदाराला फोन लावलेला बरा.

सॉफ्टवेअर गुगलवर शोधायचं नाही

विंडोजची सवय अशी की सॉफ्टवेअर लागलं की गुगलवर शोधायचं, मिळेल तिथून डाऊनलोड करायचं आणि डबल क्लिक. लिनक्समध्ये ही सवय मोडावी लागते. इथला प्रकार मोबाईलच्या प्ले स्टोअरसारखा आहे, आणि लिनक्समध्ये तो प्ले स्टोअर येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. मिंटमध्ये 'सॉफ्टवेअर मॅनेजर', उबंटू २४.०४ मध्ये 'ॲप सेंटर'. त्यामागे रिपॉझिटरी म्हणजे सॉफ्टवेअरचं कोठार असतं. तिथल्या मालाच्या यादीवर डिजिटल सही असते. यादीत प्रत्येक पॅकेजची खूण नोंदलेली असते आणि उतरवलेलं पॅकेज तिच्याशी जुळलं नाही तर मशीन ते घेत नाही. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला टॅग आणि सील असतं, तसंच हे. टॅग नसलेलं सुटं बियाणं घेतलं तर उगवेलही, पण नाही उगवलं तर तक्रार कुणाकडे करणार?

भीती उगाच नाही. २० फेब्रुवारी २०१६ रोजी खुद्द लिनक्स मिंटची वेबसाईट हॅक झाली होती. डाऊनलोडची लिंक बदलून तिथे चोरवाट ठेवलेली फाईल लावली गेली. त्या दिवशी साईटवरून ती फाईल उतरवून घेणारे फसले, पण ज्यांच्या मशीनवर मिंट आधीच होतं आणि जे कोठारातून अपडेट घेत होते त्यांना धक्का लागला नाही.

दुसरी गोष्ट मार्च २०२४ ची. एक्सझेड नावाच्या फाईल दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी मुद्दाम चोरवाट घातली होती. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो हा प्रश्न पडला आणि तपासता तपासता ते उघडं पडलं. उबंटूच्या एलटीएस आणि डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ते पोचलंच नव्हतं. म्हणून कोठारातलं सॉफ्टवेअर जरा जुनं दिसलं तरी नाक मुरडू नये.

एक स्पष्ट सांगायला हवं. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. डिजिटल सहीच्या काही टोकनचे ड्रायव्हर आणि जुन्या मराठी फॉन्टचे प्रोग्रामही लिनक्सवर नीट चालतीलच असं नाही. ज्यांचा धंदाच त्यावर आहे त्यांनी आधी खात्री करावी. युनिकोड मराठी टायपिंगला मात्र अडचण नाही.

अपडेट: यादी वेगळी, माल वेगळा

मिंटमध्ये खाली उजव्या कोपऱ्यात ढालीचं चित्र असतं. ते उघडलं की बाकी असलेल्या अपडेटची यादी येते. 'इन्स्टॉल अपडेट्स' दाबायचं, पासवर्ड द्यायचा, झालं. आठवड्यातून एक दिवस ठरवून ठेवला, समजा बाजाराचा, तर विसरायला होत नाही.

टर्मिनलमधून करायचं असेल तर दोन आज्ञा आहेत. इथे उच्चार दिले आहेत, टाईप मात्र इंग्रजी लहान अक्षरांतच करायचं. पहिली 'सुडो एपीटी अपडेट', दुसरी 'सुडो एपीटी अपग्रेड'. इथे बरेच जण गोंधळतात. पहिल्या आज्ञेने नुसती यादी ताजी होते, एकही सॉफ्टवेअर बदलत नाही. दुसरीने प्रत्यक्ष माल येतो. नुसती पहिली मारून "अपडेट केलं" म्हणणारा माणूस बाजारची यादी लिहून घरीच बसलेला असतो. उबंटू २४.०४ मध्ये पासवर्ड टाईप करताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, चांदण्यासुद्धा नाहीत. की-बोर्ड बिघडला असं समजू नका, पूर्ण टाईप करून एंटर दाबा.

बहुतेक अपडेटला मशीन बंद-चालू करावं लागत नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदलला तर रीस्टार्ट लागतोच. नवीन कर्नल आला तरी मागचा लगेच पुसला जात नाही. नव्याने मशीन उठलंच नाही तर चालू होतानाच्या मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मधून जुना कर्नल निवडता येतो. असे जुने कर्नल साचून जागा खातात, ते 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह' ने निघतात. आज्ञा दिल्यावर काय काय काढणार त्याची यादी ती दाखवते. ती वाचून मगच 'वाय' दाबा.

मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असाल तर

दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर कॉम्प्युटर चालवणाऱ्यांनी दोन नावं ओळखून ठेवावीत: फ्लॅटपॅक आणि स्नॅप. ही सॉफ्टवेअर आपल्याला लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी सोबत बांधून आणतात, म्हणून छोट्या प्रोग्रामपायी शेकडो एमबी जातात. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये एकच प्रोग्राम 'सिस्टिम पॅकेज' आणि 'फ्लॅटपॅक' अशा दोन्ही प्रकारांत असेल तर सिस्टिम पॅकेज घ्या. मिंटने २०२० पासून स्नॅप बंद ठेवलं आहे. उबंटूत ते असतं आणि दिवसातून चार वेळा आपलं आपण अपडेट तपासतं. त्याला थांबवायला 'सुडो स्नॅप रिफ्रेश', मग जागा सोडून दोन डॅश आणि लागूनच 'होल्ड'. चांगलं नेट मिळेल त्या दिवशी नुसतं 'सुडो स्नॅप रिफ्रेश' करायचं. ते मात्र विसरायचं नाही, कारण उबंटूतला फायरफॉक्स स्नॅपमधूनच येतो, आणि जुना ब्राऊझर हीच चोराची पहिली वाट.

मधेच लाईट गेली तर

आपल्याकडची खरी अडचण हीच. डाऊनलोड चालू असताना लाईट गेली तर फारसं बिघडत नाही, पुन्हा सुरू करता येतं. पॅकेज बसत असताना गेली तर काही अर्धवट राहतात, आणि नंतर कोणतंही सॉफ्टवेअर टाकायला गेलं की एरर येते. घाबरून फॉरमॅट मारून घेऊ नका. टर्मिनल उघडून आधी 'सुडो डीपीकेजी', जागा, दोन डॅश लावून 'कॉन्फिगर', जागा, एक डॅश आणि 'ए'. त्याने अर्धवट राहिलेलं पुरं होतं. त्यानंतर 'सुडो एपीटी', जागा, दोन डॅश, 'फिक्स', डॅश, 'ब्रोकन', जागा, 'इन्स्टॉल'. बहुतेक वेळा एवढ्यावर काम भागतं. मशीनच उठत नसेल तर 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मधल्या 'रिकव्हरी मोड'मध्ये जाऊन 'डीपीकेजी' हा पर्याय घेता येतो.

कधी 'लॉक' मिळत नाही अशी एरर दिसते. म्हणजे दुसरं अपडेट मागे चालू आहे. पाच-दहा मिनिटं थांबा. इंटरनेटवर लॉकची फाईल पुसून टाकायचा सल्ला सापडतो, तो ऐकू नका. काम चालू असताना ती पुसली तर जे बिघडलेलं नव्हतं तेही बिघडतं.

यूपीएस नसलेल्यांनी भारनियमनाचं वेळापत्रक बघूनच मोठं अपडेट लावावं. लॅपटॉपची बॅटरी बसली असेल तर त्यालाही हाच नियम.

टाईमशिफ्ट म्हणजे फोटोंचा बॅकअप नव्हे

मिंटमध्ये 'टाईमशिफ्ट' नावाची सोय आहे. अपडेटच्या आधी तिने सिस्टिमची नक्कल घेतली तर बिघाड झाल्यावर कालच्या स्थितीत परत जाता येतं. पहिली नक्कल बरीच जागा घेते, पुढच्या नकलांत फक्त बदललेल्या फाईलींना जागा लागते. पण टाईमशिफ्ट तुमच्या होम फोल्डरमधल्या फाईली नेहमीच्या सेटिंगमध्ये घेतच नाही. लग्नाचे फोटो, केंद्राचा हिशेब, पोरांचे प्रोजेक्ट यातलं काहीही त्यात नसतं. ते वेगळ्या पेन ड्राईव्हवर किंवा हार्ड डिस्कवर घ्यावं लागतं. मोठ्या आवृत्तीवर जाण्याआधी, जसं मिंट २१ वरून २२ वर, ही दोन्ही कामं आधी उरकायची आणि मगच 'मिंटअपग्रेड' या साधनाला हात लावायचा. २१ ला २०२७ पर्यंत मुदत असल्याने त्याची घाई नाही, पेरणी उरकून निवांत केलं तरी चालतं.