बिनडोक व्यापाऱ्यांचा बाजार

1992 चा शेअर घोटाळा आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आज त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट सांगतो, ती मात्र अमेरिकेतली.

1993 साली धनंजय गोडे आणि श्याम सुंदर यांनी 'जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी'मध्ये एक निबंध छापला. श्याम सुंदर एकेकाळी आपल्या रेल्वेत इंजिनिअर होते. या दोघांनी संगणकात बाजार मांडला. त्यातले गिऱ्हाईक आणि विक्रेते सगळे सॉफ्टवेअरचे, आणि त्यांना डोकंच दिलेलं नव्हतं. आठवण नाही, अंदाज नाही, हाव नाही. मनाला येईल तो भाव पुकारायचा. बंधन एकच, तोट्यात सौदा करायचा नाही.

आपल्या घाटकोपर स्टेशनबाहेरची भाजीवाली डोळ्यांपुढे आणा. तिला जुडी 10 रुपयांना पडली असेल, तर ती त्याखाली देणार नाही. तुम्ही 20 च्या वर जाणार नाही. मधल्या जागेत दोघंही डोळे मिटून आकडे बोलताय. आकडे जुळले, की सौदा पक्का.

आता निकाल बघा. सौद्यांतून जेवढा एकूण फायदा निघणं शक्य होतं, तो जवळजवळ सगळा या बाजाराने काढला. खऱ्या माणसांना घेऊन केलेल्या प्रयोगांच्या अगदी जवळपास! ते एक बंधन काढलं, तेव्हा मात्र कामगिरी घसरली. म्हणजे शहाणपण व्यापाऱ्याच्या डोक्यात जितकं असतं, तितकंच बाजाराच्या नियमांतही असतं.

पुढे 1997 मध्ये डेव्ह क्लिफ यांनी दाखवलं, की असा बाजार योग्य भावावर स्थिरावतो तो मागणी-पुरवठ्याच्या ठराविक मांडणीतच. इतर वेळी थोडं तरी डोकं लागतंच. सांता फे इथल्या संशोधकांनी तर शिकणारे एजंट बनवले. ते एकमेकांचा अंदाज घेऊ लागले, आणि त्या बाजारात तेजीचे फुगे आणि आपटबार दिसू लागले.

इकडे मुंबईत 3 नोव्हेंबर 1994 ला राष्ट्रीय शेअर बाजारात शेअरचे सौदे सुरू झाले. दलाल स्ट्रीटच्या रिंगणातली आरडाओरड नाही. पडद्यावर आधी चांगला भाव, मग आधी आलेली ऑर्डर. समोरचा कोण, ते दिसत नाही. हे गोड्यांचा निबंध वाचून झालं असं मी म्हणत नाही. पण विचार त्याच जातीचा होता, की नियम नीट करा, माणसं आपोआप नीट वागतील.

मग प्रयोगातले एजंट खऱ्या बाजारात आले. 2008 साली सेबीने थेट ऑर्डर टाकायची मुभा दिली. 2010 पासून वांद्रे-कुर्ला संकुलात एक्स्चेंजच्या यंत्रांशेजारीच दलालांची यंत्रंही बसली. सेबीने 2024 मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या 1 कोटीहून जास्त व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात गेल्या. परदेशी संस्था आणि मोठे दलाल यांनी 2023-24 मध्ये कमावलेला बहुतेक नफा मात्र अल्गोरिदममधून आला.

इथे 1993 च्या निबंधाची मर्यादा कळते. त्यात मोजलेला फायदा एकूण होता. तो कुणाच्या खिशात गेला, हे ते माप सांगतच नाही. बोरिवली किंवा मुलुंडच्या लोकलमध्ये मोबाइलवर सौदे टाकणाऱ्या मुलाला हवं असतं ते नेमकं हेच उत्तर. बाजार कार्यक्षम आहे असं कुणी म्हणालं, की एवढंच विचारा: कुणासाठी?