डॉक्सीसायक्लिन

टेट्रासायक्लिन गटातले, तोंडावाटे घेण्याचे एक जुने, स्वस्त आणि आजही भरवशाचे प्रतिजैविक. लेप्टोस्पायरोसिस, स्क्रब टायफस, कॉलरा, काही प्रकारचा न्यूमोनिया, लैंगिक संसर्ग आणि मुरुमे अशा परस्परांशी संबंध नसलेल्या आजारांत डॉक्टर ते देतात. जिवाणूच्या पेशीतील रायबोसोमला चिकटून हे औषध तेथे चालणारी प्रथिनांची निर्मिती रोखते. जिवाणूची वाढ खुंटते आणि उरलेले काम शरीराची प्रतिकारशक्ती करते. विषाणूंवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. त्यामुळे डेंगी, चिकुनगुन्या किंवा फ्लूच्या तापात ते घेऊन उपयोग नाही.

या गटाचा जन्म मातीतून झाला. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या शेतातून आलेल्या मातीच्या नमुन्यात बेंजामिन डग्गर यांना एक सोनेरी रंगाचा सूक्ष्मजीव सापडला आणि १९४८ मध्ये ऑरिओमायसिन हे औषध जगासमोर आले. लेडर्ली प्रयोगशाळेत हे काम झाले तेव्हा तेथील संशोधनाची धुरा आंध्रातील भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. डॉक्सीसायक्लिन हे त्याच कुळातले पुढचे, प्रयोगशाळेत सुधारलेले औषध. फायझर कंपनीच्या या औषधाला अमेरिकेत १९६७ मध्ये मान्यता मिळाली. जुने टेट्रासायक्लिन दिवसातून चार वेळा घ्यावे लागे. डॉक्सीसायक्लिन रक्तात बराच काळ टिकते, म्हणून दिवसाला एक किंवा दोन गोळ्या पुरतात.

महाराष्ट्रात या गोळीचा संबंध पावसाळ्याशी जोडला गेला आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि लाखो लोक गुडघाभर, कंबरभर पाण्यातून घरी गेले. त्या पाण्यात उंदीर, कुत्री, गुरे यांचे मूत्र मिसळलेले होते. पुढच्या आठवड्यांत शहरात लेप्टोची साथ आली. तुंबलेल्या पाण्यातून चाललेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे, असे आवाहन मुंबई महापालिका पावसाळ्यात करते. सिंधुदुर्गात भातलावणीच्या दिवसांत चिखलात उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्यांनाही हाच धोका असतो, आणि तेथे आरोग्य खाते त्यांना ही गोळी देते.

या प्रतिबंधक उपायामागे भक्कम आधार आहे, पण त्याला मर्यादाही आहेत. पनामाच्या जंगलात प्रशिक्षण घेणाऱ्या अमेरिकी सैनिकांवर केलेली चाचणी १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. आठवड्याला २०० मिलिग्रॅम औषध घेणाऱ्यांच्या गटात एकालाच लेप्टो झाला, तर बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांत वीस जणांना. उत्तर अंदमानात भारतीय संशोधकांनी नंतर केलेल्या चाचणीत मात्र संसर्ग दोन्ही गटांत जवळपास सारखाच झाला. औषध घेणाऱ्यांत प्रत्यक्ष आजारी पडणाऱ्यांची संख्या तेवढी कमी होती. म्हणजे गोळी घेतली म्हणून गमबूट काढून ठेवता येत नाहीत आणि पायावरची जखम उघडी ठेवूनही चालत नाही.

आता घेण्याच्या रीतीकडे. मोठा पेलाभर पाणी घेऊन गोळी गिळावी आणि त्यानंतर निदान अर्धा तास आडवे होऊ नये. हा सल्ला क्षुल्लक वाटतो, पण या औषधाच्या बाबतीत तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. डॉक्सीसायक्लिन विरघळले की आम्लधर्मी बनते. झोपताना घोटभर पाण्याबरोबर घाईने गिळलेली कॅप्सूल अन्ननलिकेत अडकते, तेथेच विरघळते आणि आतले अस्तर भाजून काढते. दुसऱ्या दिवशी छातीच्या मध्यभागी टोचल्यासारखे दुखते, साधे पाणी गिळतानाही कळ येते. असा त्रास होणारे रुग्ण बहुधा तरुण आणि एरवी धडधाकट असतात. ही दुखापत पूर्णपणे टाळता येण्याजोगी आहे. म्हणून रात्रीची गोळी अंथरुणावर न घेता जेवणाबरोबरच घ्यावी.

उपाशीपोटी घेतल्यास अनेकांना मळमळते. त्यावर आपल्याकडचा घरगुती उपाय म्हणजे दूध: औषध ‘गरम पडते’ म्हणून कपभर दुधाबरोबर गोळी दिली जाते. या औषधासाठी ती सवय सोडावी. दुधातले कॅल्शियम औषधाला बांधून ठेवते आणि त्याचा काही भाग रक्तात पोहोचत नाही. पोळीभाजी किंवा वरणभात खाऊन पाण्याबरोबर घेतलेली गोळी चालते. कॅल्शियमच्या गोळ्या, अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम असलेले अ‍ॅसिडिटीचे पातळ औषध आणि जस्तयुक्त ‘शक्तीच्या गोळ्या’ यांचा अडथळा याहून मोठा. त्यांच्यात आणि डॉक्सीसायक्लिनमध्ये दोन-तीन तासांचे अंतर हवे. लोहाची गोळी सर्वांत त्रासदायक. हे औषध पित्तावाटे पुन्हा आतड्यात येते, त्यामुळे काही तासांनी घेतलेले लोहही त्याला अडकवू शकते. थोड्या दिवसांच्या उपचारात लोह थांबवायचे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

औषध चालू असताना त्वचा उन्हाला जास्त हळवी होते. शेतात, रस्त्यावर किंवा बांधकामावर राबणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि टोपी वापरावी.

गरोदर स्त्रियांना हे औषध सहसा देत नाहीत. लेप्टोच्या प्रतिबंधासाठी त्यांना आणि लहान मुलांना अ‍ॅझिथ्रोमायसिनचा पर्याय असतो. आठ वर्षांखालील मुलांच्या दातांवर कायमचे डाग पडतील, ही भीती जुन्या टेट्रासायक्लिनच्या अनुभवातून आली आहे. डॉक्सीसायक्लिनच्या थोड्या दिवसांच्या उपचारात हा धोका फारसा दिसलेला नाही. २०१८ मध्ये विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली होती. अशा जिवावर बेतणाऱ्या आजारात डॉक्टर लहान मुलालाही हे औषध देतात, आणि तेव्हा पालकांनी दातांच्या काळजीने ते थांबवू नये. वॉरफरिन, फिटवरची कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन, आणि मुरुमांवरचे आयसोट्रेटिनॉइन यांपैकी काही चालू असल्यास आधी सांगावे. आयसोट्रेटिनॉइन तर यासोबत घेऊच नये, कारण दोन्हींमुळे मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो. तीव्र डोकेदुखी आणि धूसर दिसणे ही त्याची लक्षणे. अंगावर गांधी उठल्या, चेहरा सुजला किंवा श्वास लागला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

एखादी मात्रा चुकली तर आठवताच घ्यावी. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी, दोन एकदम घेऊ नयेत.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी पसरली तेव्हा टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूलसाठी दुकानांपुढे झुंबड उडाली आणि साठा संपला. धास्तावलेल्या माणसांना दोष देता येत नाही, पण साठवून ठेवलेले प्रतिजैविक पुढे चुकीच्या तापात आणि अर्धवट मात्रेत पोटात जाते. त्यातून औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढतात. डॉक्सीसायक्लिन ‘शेड्यूल एच’मध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय ते विकणे बेकायदा आहे, पाकिटावरची उभी लाल रेषा हेच सांगते. मुदत संपलेल्या गोळ्याही ठेवू नयेत. १९६३ मध्ये खराब झालेल्या जुन्या टेट्रासायक्लिनमुळे मूत्रपिंडाला इजा झाल्याची नोंद आहे.

प्रतिबंधक गोळी घेऊनही ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल किंवा पिवळे झाले, लघवी कमी झाली, तर घरी थांबू नये. पाण्यातून किंवा चिखलातून कधी चाललो आणि कोणती गोळी कोणत्या तारखेला घेतली, हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता त्यांना सांगावे.