खाटा आणि माणसें

इ. स. १९०२ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील माँटगोमेरी शहरीं डॉ. ल्यूथर हिल या शस्त्रवैद्यानें सुऱ्याच्या घावानें मरणोन्मुख झालेल्या एका तेरा वर्षांच्या कृष्णवर्णी मुलाच्या हृदयास टांके घालून त्यास वांचविलें. शस्त्रक्रिया झाली ती इस्पितळांत नव्हे; मुलाच्या झोपडींत, टेबलावर, राकेलच्या दिव्यांच्या उजेडांत. डॉ. हिल यांनीं जोसेफ लिस्टर यांच्या हाताखालीं शिक्षण घेतलें होतें, व त्या गुरूचेंच नांव त्यांनीं आपल्या मुलास ठेविलें. हे लिस्टर हिल पुढें अलाबामा संस्थानचे सेनेटर झाले. १३ ऑगस्ट १९४६ रोजीं अध्यक्ष ट्रूमन यांनीं इस्पितळांच्या बांधणीच्या ज्या कायद्यावर सही केली, त्यास ‘हिल-बर्टन कायदा’ हें नांव पडलें तें त्यांच्यावरून आणि ओहायोच्या हॅरोल्ड बर्टन यांच्यावरून.

गरज खरी होती. मंदीनें व युद्धानें पंधरा वर्षें बांधकामें खुंटलीं होतीं. कित्येक काउंट्यांत एकहि इस्पितळ नव्हतें. १९४५ च्या नोव्हेंबरांत ट्रूमन यांनीं काँग्रेसपुढें आरोग्याची जी पंचकलमी योजना मांडली, तिच्यांत सर्वांसाठीं विमाहि होता. विम्यावर वैद्यांच्या संघानें गहजब केला व तो बारगळला; इमारतींचें कलम मात्र सुखानें पार पडलें. विटांना शत्रू नसतात! दर हजार माणसांमागें साडेचार खाटा हें उद्दिष्ट ठरलें. खर्चाचा एक तृतीयांश मध्यवर्ती सरकारनें द्यावा, बाकीचा स्थानिक लोकांनीं उभारावा. १९४९ पासून हा वांटा दोन तृतीयांशांपर्यंत वाढूं शकला. गरीब संस्थानांस माणशीं अधिक रक्कम मिळे, ही त्यांतील शहाणपणाची गोष्ट. १९९७ पर्यंत सुमारें ६,८०० संस्थांना साहाय्य पोंचलें. ज्या गांवांत पूर्वीं खाट नव्हती तेथें ती आली, हें कोणी नाकारूं नये.

पण कोणासाठीं? वंश-वर्णावरून भेद करूं नये असें कायद्यांत म्हटलें होतें. आणि लगेच, निरनिराळ्या वंशांसाठीं स्वतंत्र पण सारख्या दर्जाच्या सोयी असल्यास हरकत नाहीं, अशी पळवाटहि ठेविली होती. दक्षिणेचीं मतें हवीं होतीं, आणि हिल स्वतः दक्षिणेचे. उत्तर कॅरोलिनांतील ग्रीन्सबरो येथील मोझेस कोन इस्पितळानें साडेबारा लाख डॉलरांहून अधिक सरकारी पैसा घेतला होता, तरी डॉ. जॉर्ज सिम्किन्स या कृष्णवर्णी दंतवैद्याचा, दांताला गळूं झालेला रोगी तेथें दाखल होऊं शकला नाहीं. १९६२ सालीं त्यांनीं व सहकाऱ्यांनीं फिर्याद लाविली. इस्पितळाचें म्हणणें, आम्ही खाजगी. खालच्या न्यायालयानें तें मानलें; १ नोव्हेंबर १९६३ रोजीं अपील न्यायालयानें तीन विरुद्ध दोन मतांनीं तें खोडून काढलें, आणि ती पळवाटहि घटनाबाह्य ठरविली. गंमत अशी कीं, बर्टन यांनीं कायदा होण्यापूर्वींच सेनेट सोडून सर्वोच्च न्यायालयांत आसन घेतलें होतें, आणि १९५४ सालीं शाळांतील वर्णभेद एकमतानें घटनाबाह्य ठरविणाऱ्या न्यायाधीशांत तेहि होते. त्यांच्या नांवाच्या कायद्यांत मात्र तो आणखी नऊ वर्षें नांदला.

दुसरी अट होती निर्धनांवर ‘वाजवी प्रमाणांत’ मोफत उपचार करण्याची. साडेचार हा आंकडा होता, म्हणून कचेरींत तो मोजला गेला. ‘वाजवी’ हें विशेषण, तें पंचवीस वर्षें कोणी मोजलें नाहीं. गरीब रोग्यांनीं न्यायालयें गांठलीं तेव्हां कोठें १९७२ सालीं नियम झाले, आणि आंकडा आला: चालू खर्चाचे तीन टक्के किंवा मिळालेल्या साहाय्याचे दहा टक्के, यांत जें कमी असेल तेवढें, वीस वर्षें. इस्पितळ बांधल्यावर तें चालावें कसें, हा प्रश्न कायद्यानें गांवावरच सोडला होता. २०१० नंतर त्या देशांतील शंभराहून अधिक ग्रामीण इस्पितळें बंद पडलीं आहेत.

वीस वर्षांची मुदत बहुतेकांची केव्हांच संपली. परिसरांतील कोणासहि वंश, वर्ण वा पंथ पाहून परत पाठवावयाचें नाहीं, या अटीला मात्र मुदत नाहीं. पैसा घेतलेल्या इस्पितळांनीं तशी पाटी लोकांस दिसेल अशा जागीं लावावयाची असते, इंग्रजींत आणि स्पॅनिशमध्यें.