भित्रे पिल्लू आणि त्याचा पट्टा

पाली जातकांत ‘सुनख जातक’ नावाची एक लहानशी कथा आहे. काशी नगरीत लोकांनी टाकलेल्या भातावर पोसलेले एक कुत्रे कोणी खेडूत विकत घेतो आणि गळ्यात चामड्याचा पट्टा बांधून त्यास आपल्या गावाकडे घेऊन निघतो. वाटेत रानाच्या कडेला एका झोपडीत ते बांधून ठेवून तो निजतो. बोधिसत्त्व तेथून जात असता कुत्र्याला विचारतो की, हा पट्टा तू कुरतडून का टाकीत नाहीस? कुत्रे उत्तर देते की, बेत तोच आहे. माणसे झोपण्याचा काय तो अवकाश! आणि रात्री ते खरोखरच पट्टा तोडून आपल्या जुन्या धन्यांकडे परत जाते. दोरीच्या मागून निमूटपणे चालणे आणि दोरीची सवय होणे या दोन अगदी भिन्न गोष्टी होत, हे त्या जुन्या कथाकाराने चांगलेच ओळखले होते. घरी आणलेले भित्रे पिल्लू दारातच बसकण मारते तेव्हा पुष्कळ सुशिक्षित घरांतूनही हा भेद लक्षात घेतला जात नाही.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कुत्रा आणि माणूस यांच्या सहवासाच्या खुणा शोधावयास फार दूर जावे लागत नाही. शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवर अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात, पाचव्या शतकातील चित्रकाराने सुतसोम जातक रंगविताना शिकारीस निघालेल्या राजाच्या स्वारीत घोड्यांबरोबर शिकारी कुत्रेही घातले आहेत. ते दरबारी कुत्रे. त्यांची निगा राखण्यास सेवक असत. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, आपल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये श्वानांनाही स्थान दिले, यावरून हा शौक किती मोठ्या मानाचा होता हे दिसते. परंतु गल्लीतल्या भित्र्या पिल्लाचा विचार राजाच्या ग्रंथात कोठून यावा?

तो विचार लोकांच्या दैवतात मात्र आढळतो. शहराच्या दक्षिणेस सातारा गावी खंडोबाचे देऊळ आहे. खंडोबाच्या मूर्तीत घोड्याशेजारी कुत्रा असतो, आणि तो मोकळा धावतो. देवाचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवितात. लोखंडी साखळी देवापुढे झटक्याने तोडण्याचा त्यांचा ‘लंगर तोडणे’ हा विधी प्रसिद्धच आहे. देवाजवळ राहावयाचे ते साखळीमुळे नव्हे, ही कल्पना त्यामागे असावी असे मानण्यास हरकत नाही. भाषेकडे पाहिले तरी गंमत वाटते. वासराला दावे, बैलाला वेसण व कासरा, घोड्याला लगाम. कुत्र्याला मात्र मराठी माणसाने बहुधा पट्टा किंवा साखळी या सर्वसाधारण शब्दांवरच भागविले. कुत्र्याला हिंडवून आणणे हे आपल्याकडे फार दिवस कोणाचे कामच नव्हते.

भ्यालेल्या जनावरास दोरीची सवय लावण्याची खरी विद्या महाराष्ट्रात होती ती कुत्र्यांसाठी नव्हे, तर चित्त्यांसाठी. कोल्हापूर संस्थानात विसाव्या शतकातही शिकारीचे चित्ते बाळगीत आणि ते आफ्रिकेहून आणवीत. चित्तेवान नव्या चित्त्याचे डोळे टोपीने झाकी, त्याच्याजवळ बसे, त्याच्याशेजारी निजेही. जेथे माणसांची ये-जा असे तेथे तो बांधून ठेवावयाचा, म्हणजे बोलण्याचालण्याचा आवाज त्याच्या अंगवळणी पडे. ओढाओढ करून चित्ता वळत नाही हे चित्तेवानास सांगावे लागत नसे. चित्त्यानेच ते त्यास शिकविलेले असे!

कुत्र्याच्या बाबतीत याचा शास्त्रीय पडताळा १९६१ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील बार हार्बर येथील प्रयोगशाळेत फ्रीडमन, किंग व एलियट या संशोधकांनी काही पिल्ले उंच कुंपणाच्या एका मैदानात माणसाचा सहवास न देता वाढविली. काही पिल्लांना दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या व नवव्या आठवड्यांत एकेक आठवडा माणसांत आणले. काहींना चौदाव्या आठवड्यापर्यंत आणलेच नाही. पुढे सर्वांना पट्ट्याने चालविण्याची परीक्षा घेतली, तेव्हा मुळीच सहवास न लाभलेली पिल्ले फार अडली. त्यांपैकी एकाला नंतर महिनोन्‌महिने कुरवाळले, तरी सुधारणा बेताचीच झाली. म्हणजे पट्ट्याला अडणारे पिल्लू पुष्कळदा पट्ट्याला भीत नसते. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाशी असलेल्या माणसाला आणि दारापलीकडील जगाला ते भीत असते.

एवढे ध्यानात घेतले म्हणजे पुढची रीत आपोआप ठरते. प्रथम नुसता गळपट्टा, तोही जेवणाच्या वेळी, म्हणजे मान खाजविण्याचे भान पिल्लास राहत नाही. मग एक हलकी दोरी बांधून ती घरातच, नजरेसमोर, फरफटू द्यावी. त्यानंतर दोरीचे टोक हाती घ्यावे, पण वाट पिल्लाने दाखवावी आणि माणसाने मागून जावे. हा क्रम उलटण्याची घाई बहुतेकांना नडते. पुढे खाली बसून हाक मारावी व दोन पावले आले की पोळीचा तुकडा द्यावा. पिल्लू बसले तर दोरी सैल सोडून थांबावे. ओढल्याने ते मागे रेटते, गळपट्टा डोक्यावरून निसटतो आणि भ्यालेले पिल्लू रस्त्यावर धावते. पिल्लू कायमचे हरवण्यास एवढे पुरते. म्हणून भित्र्या पिल्लास छातीभोवतीचा पट्टा अधिक बरा.

लसी पुऱ्या होईपर्यंत त्यास जमिनीवर हिंडवू नये हे खरे. पण तेवढ्यासाठी घरात कोंडूनही ठेवू नये, कारण नेमके तेच आठवडे मोलाचे असतात. कडेवर घेऊन पहाटे हिमायतबागेकडे न्यावे, रिक्षांचे आवाज दुरून ऐकवावे. गुलमंडीची संध्याकाळची गर्दी मागाहून. ब्रिटनमध्ये अंधांच्या मार्गदर्शक कुत्र्यांच्या संस्थेने १९५६ पासून हेच काम घरोघरच्या कुटुंबांकडे सोपविले. लहान पिल्लू एका घरी द्यावयाचे, त्याने तेथे बाजार, बस, जिने पाहावयाचे आणि सुमारे वर्षभराने शाळेत परत यावयाचे. खरे शिक्षण त्यानंतर सुरू होते.