कौल, इस्तावा आणि उल्हासनगर

नवी पेठ वसवावयाची तर सरकारांतून प्रथम कौल द्यावयाचा, हा पेशवाईतील प्रघात. घर बांधून राहील त्यास कांहीं वर्षे कर माफ. पुढे इस्तावा, म्हणजे दरसाल चढता आकार. पेठ वसविणारास शेटेपणाचे वतन मिळे, तेव्हां वस्ती वाढविण्यांत त्याचाही स्वार्थ असे. १७३४ सालीं जिवाजीपंत खासगीवाले यांनी वसविलेली पुण्याची शुक्रवार पेठ याच काळांतील होय.

कल्याण प्रांतीं पुढे क्रम उलटला. तेथील लष्करी छावणींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित उतरले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे उल्हासनगर झाले. घरे आधीं उठली. बेकायदा ठरलेलीं बांधकामें आकार घेऊन नियमित करण्यास २००६ सालीं खास कायदा करावा लागला. जुना कारकून अधिक हिशेबी, असे आमचे मत.

अंबरनाथ-बदलापुराकडील रुमालांत असा कौल आढळल्यास संग्राहकांनी त्याची नक्कल मंडळाकडे अवश्य धाडावी.