शनिवारचा खोटा बाजार

शनिवारी सकाळी शांती नगरच्या रिक्षा स्टँडवर रांग लहान असते. मीरा रोडहून चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलमध्ये श्वास घेण्यापुरती जागाही मिळते. एका ब्रोकरच्या ऑफिसात नोकरीला होतो, तेव्हा महिन्यातला एक शनिवार मला ही लोकल पकडावी लागे. शेजारच्या काकू विचारायच्या, "अरे, आज बाजार बंद ना?" मी म्हणायचो, "हो काकू. आज खोटा बाजार आहे."

खोटा बाजार म्हणजे मॉक ट्रेडिंग. स्क्रीन तीच, शेअरची नावं तीच, ऑर्डर टाकली की सौदाही होतो. पैसे तेवढे खरे नसतात. मोठी संगणक यंत्रणा बदलायची तर आधी तिची हुबेहूब नक्कल उभी करून त्यात मोडतोड करून बघायची, ही त्यामागची कल्पना. तुम्ही फोनवर शेअर घेता, त्या बटणामागे अशा अनेक शनिवारांचे कष्ट आहेत.

पूर्वी याची गरज नव्हती. दलाल स्ट्रीटच्या रिंगणात दलाल ओरडून सौदे करत. चुकून भलताच भाव तोंडातून गेला, तर समोरचा माणूस निदान भुवया उंचावत असे. मग 3 नोव्हेंबर 1994 रोजी राष्ट्रीय शेअर बाजारात, म्हणजे एनएसईत, संगणकावर शेअरचे सौदे सुरू झाले. डॉ. आर. एच. पाटील तिचे पहिले व्यवस्थापकीय संचालक. देशभरचे दलाल एका पडद्यावर आले. पण पडद्याला भुवया नसतात. तुम्ही जे टाइप केलं, तेच तुम्हाला हवं होतं असं तो धरून चालतो.

याची किंमत 2012 मध्ये दोनदा कळली. 1 ऑगस्टला अमेरिकेत नाइट कॅपिटल या कंपनीने आठ सर्व्हरवर नवा कोड चढवायचं ठरवलं. सातांवर चढला, एक राहून गेला. त्या एकावरचा वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड जागा झाला आणि सुटल्यासारख्या ऑर्डरी टाकू लागला. सुमारे 45 मिनिटांत 44 कोटी डॉलर गेले. फक्त नवा कोड तपासून ही चूक सापडणारी नव्हती. ती सात आणि एक यांच्यातल्या फरकात लपली होती.

दोन महिन्यांनी, 5 ऑक्टोबरला, आपल्याकडे एका ब्रोकरकडून 59 चुकीच्या ऑर्डरी गेल्या. सुमारे 650 कोटींचे सौदे झाले, निफ्टी जवळपास 900 अंकांनी कोसळला आणि बाजार काही मिनिटं थांबला. पुढच्या वर्षी, ऑगस्ट 2013 मध्ये, सेबीने नियम केला: सॉफ्टवेअर आधी नकली बाजारात तपासा आणि महिन्यातून किमान एकदा मॉक घ्या.

माझा शनिवार या नियमातून आला. आता खरं सांगतो. आम्ही दहा-बारा ऑर्डरी टाकायचो, काही रद्द करायचो, फॉर्म भरायचो, चहा प्यायचो आणि दुपारच्या लोकलने परत. कोणाचा फोन नाही, कोणाला घाम नाही. यंत्र तपासलं जात होतं. आम्ही मात्र तपासले जात नव्हतो.

24 फेब्रुवारी 2021 हा बुधवार होता, दुसऱ्या दिवशी एक्स्पायरी. 11 वाजून 40 मिनिटांनी एनएसईचे सौदे थांबले. एनएसईने नंतर दिलेलं कारण मीरा रोडच्या कोणालाही पटेल असं होतं: रस्ता खोदला जात होता. दोन वेगवेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या लिंक बिघडल्या. अशा वेळी डेटा साठवणाऱ्या यंत्रणेने जसं वागायला हवं होतं तशी ती वागली नाही, आणि जोखीम मोजणारी यंत्रणाच बंद पडली. दुसरा बाजार चेन्नईत तयार होता. पण त्या दिवशी तिकडे उडी मारली गेली नाही. बाजार पुन्हा उघडला पावणेचारला. तोवर अनेक ब्रोकरांनी ग्राहकांचे सौदे बीएसईवर मिळेल त्या भावाला कापले होते. ज्यांचे कापले गेले, त्यांच्यासाठी नंतरचे सव्वा तास बिनकामाचे होते.

म्हणजे पर्यायी यंत्रणा असणं वेगळं आणि ऐनवेळी तिच्यावर भरवसा टाकणं वेगळं. मार्च 2021 मध्ये सेबीने तो निर्णय माणसाच्या धाडसावर सोडायचा नाही असं ठरवलं. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली, की 30 मिनिटांत 'आपत्ती' जाहीर करायची आणि त्यानंतर 45 मिनिटांत काम पूर्ववत करायचं.

मग 2 मार्च 2024 चा शनिवार आला. सव्वानऊ ते दहा मुख्य यंत्रणेवर सौदे झाले. साडेअकरा ते साडेबारा तोच बाजार पर्यायी जागेवरून चालला, खऱ्या पैशांनी. शेअरच्या भावाला 5 टक्क्यांची मर्यादा घातली होती. धोका खरा, पण आवाक्यातला. 18 मे रोजी पुन्हा तेच केलं.

मला हा या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा वाटतो. नक्कल कितीही हुबेहूब केली, तरी तिच्यात एक गोष्ट घालता येत नाही: भीती. ती थोडी तरी असल्याशिवाय माणसाची परीक्षा होत नाही.

त्या शनिवारी काकूंनी पुन्हा विचारलं असतं, तर मी म्हणालो असतो, "काकू, आज खरा आहे. जरा जपून."