उपज्झाय, सद्धिविहारिक आणि आजचे वसतिगृह

महाविद्यालयीन शिक्षणाचा विचार करताना आपण वर्ग, ग्रंथालय आणि परीक्षा यांचा विचार करतो. वर्ग सुटल्यावर विद्यार्थी कोठे राहतो आणि तेथे त्याची विचारपूस कोण करतो, हा प्रश्न बहुधा मागे पडतो. परदेशातील काही विद्यापीठांत या कार्यासाठी निवासी अधिष्ठाता नेमलेला असतो. आपल्याकडे तेच काम अधीक्षक, रेक्टर अथवा गृहपाल यांच्याकडे येते. हे पद आधुनिक असले तरी त्यामागील कर्तव्याचा विचार बौद्ध संघाच्या इतिहासात प्राचीन काळीच नियमबद्ध झालेला होता.

विनयपिटकातील महावग्गाच्या पहिल्या खंधकात या व्यवस्थेचा उगम सांगितला आहे. प्रारंभी नवदीक्षित भिक्खूंना मार्गदर्शन करणारे कोणी नव्हते. ते चीवर नीट न नेसता भिक्षाटनास जात, भोजनाच्या वेळी गोंगाट करीत आणि लोक त्यांची निंदा करू लागले. तेव्हा भगवान बुद्धांनी उपज्झायाची योजना केली. उपज्झायाने शिष्यास पुत्राप्रमाणे आणि शिष्याने उपज्झायास पित्याप्रमाणे मानावे, असा हा संबंध होता. येथे शिष्यास ‘सद्धिविहारिक’, म्हणजे सोबत राहणारा, असे म्हटले आहे. सहनिवास हा या नात्याचा पायाच होय.

शिष्याने गुरूची सेवा करावी, हे भारतीय परंपरेत सर्वत्र आढळते. महावग्गाचे वैशिष्ट्य असे की, तेथे उपज्झायाची शिष्याप्रती असलेली कर्तव्येही तितक्याच तपशिलाने नोंदविली आहेत. त्याने शिष्यास पाठ द्यावा, त्याच्या शंकांचे निरसन करावे आणि शिष्याजवळ पात्र वा चीवर नसेल तर ते मिळवून द्यावे. शिष्य आजारी पडला तर पहाटे उठून त्याला दातवण व तोंड धुण्यास पाणी द्यावे, आसन मांडावे, यागु म्हणजे पेज द्यावी आणि तो बरा होईपर्यंत त्याची शुश्रूषा करावी. त्याच्या मनात अनभिरति, म्हणजे मन न रमण्याची अवस्था, उत्पन्न झाली तर ती स्वतः दूर करावी. ते न जमल्यास दुसऱ्याकरवी करवावी. शिष्याच्या मानसिक अस्वस्थतेकडे लक्ष देणे हे येथे कर्तव्य मानले आहे.

याहून महत्त्वाचा नियम दंडाविषयीचा आहे. शिष्याकडून गंभीर अपराध घडला तर संघाने त्यास विहित परिवास द्यावा, याची व्यवस्था उपज्झायाने पाहावी. अपराध झाकावा असे सांगितलेले नाही. परंतु संघ शिष्याविरुद्ध तज्जनीयादी दंडकर्म करू इच्छित असेल, तर ते होऊ नये अथवा सौम्य व्हावे, यासाठीही त्यानेच प्रयत्न करावा. नीट वागणाऱ्या शिष्यास घालवून देणाऱ्या उपज्झायास दुक्कट दोष लागतो. उपज्झाय होण्यास किमान 10 वर्षांची उपसंपदा आणि त्याबरोबर योग्यताही आवश्यक होती.

ही परंपरा ग्रंथापुरती राहिली नाही. इसवी सनाच्या 7व्या शतकात चिनी भिक्खू इत्सिंग सुमारे 10 वर्षे नालंदा येथे राहिला. शिष्य रात्रीच्या पहिल्या व शेवटच्या प्रहरी आचार्यांकडे जात आणि शिष्य आजारी पडल्यास आचार्य त्याला औषध देऊन अपत्याप्रमाणे सांभाळीत, असे तो नोंदवितो. विहारांत राहून लौकिक विद्या शिकणाऱ्या, प्रव्रज्या न घेतलेल्या ब्रह्मचारी विद्यार्थ्यांचाही त्याने उल्लेख केला आहे.

‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात आचार्याचे 25 गुण येतात. शिष्याची झोप, प्रकृती, आहार आणि संगत यांवर आचार्याने लक्ष ठेवावे, त्याला धीर द्यावा, विद्या हातची राखून ठेवू नये, संकटात त्याला सोडू नये आणि तो घसरला तर धम्मानुसार सावरावे, असा त्यांचा आशय आहे. ही यादी राजा मिलिंद स्वतः नागसेनांसमोर मांडतो आणि आपल्याशी याप्रमाणे वागावे अशी विनंती करतो. आचार्याकडून काय मिळावे, हे येथे शिष्यच सांगत आहे.

औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे 1950 साली सुरू झालेल्या महाविद्यालयास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे याच प्रश्नकर्त्या राजाचे नाव दिले, आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. तत्पूर्वी, 1925 च्या जानेवारीत, बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूर येथे वसतिगृह सुरू केले होते. अस्पृश्य गणल्या गेलेल्या मुलास शहरात भाड्याने खोली मिळणे दुरापास्त होते. त्यामुळे राहण्याची सोय ही त्याच्या शिक्षणाची पहिली अट होती. त्या वसतिगृहाची प्रेरणा विनयात शोधणे अनैतिहासिक ठरेल. तथापि निवासावाचून विद्या नाही, ही जाण दोन्हीकडे समान आहे.

या इतिहासाचे आजचे मोल काय? हैदराबाद केंद्रीय विद्यापीठाने 5 दलित विद्यार्थ्यांना वसतिगृहातून बाहेर काढले. त्यांपैकी रोहित वेमुला याने 17 जानेवारी 2016 रोजी आपले जीवन संपविले. विनयाच्या कसोटीवर येथे एक प्रश्न उभा राहतो: दंडाचा निर्णय होत असताना या विद्यार्थ्यांच्या बाजूने बोलणे हे कोणाचे नियत कर्तव्य होते? ज्या वसतिगृहात हजेरी घेणे, दार लावणे आणि नोटीस काढणे एवढेच काम उरते, तेथे पहारा असतो, उपज्झाय नसतो.

आपल्या विहारांशी व शिक्षणसंस्थांशी संलग्न वसतिगृहांनी म्हणून अधीक्षकाची निवड करताना महावग्गातील ही कर्तव्ये समोर ठेवावीत. आजारात पेज देणारा, मन न रमल्यास जवळ बसणारा आणि दंडाच्या वेळी सोबत उभा राहणारा मनुष्य तेथे असावा. मिलिंदाने मागितले ते मागण्याचा अधिकार गावाकडून शहरात प्रथमच आलेल्या आपल्या विद्यार्थ्यासही आहे.